म्हादईचा व्याघ्रप्रकल्प: बाजू घेण्याआधी थोडा इतिहास

घाटपायथा:

व्याघ्रप्रकल्पाचा विषय निघाला की पाच-सहा प्रतिसादांतच दोन तट पडतात. एकीकडे "जंगल राहिलं तर गोवा राहील", दुसरीकडे "आधी माणूस, मग वाघ". दोन्हीकडच्या मंडळींत माझी ऊठबस आहे आणि दोन्ही घोषणा ऐकून कान किटले आहेत. म्हणून जरा मागे जाऊन लिहितो. लांबलंय, चालवून घ्या.

१९९९ साली गोव्यात काही महिने राष्ट्रपती राजवट होती. मंत्री नाहीत, आमदार घरी, कारभार राज्यपाल जे. एफ. आर. जेकब यांच्याकडे. त्याच वर्षी म्हादई आणि नेत्रावळी ही दोन अभयारण्यं जाहीर झाली, एक सुमारे २०८ चौरस किलोमीटर आणि दुसरं २११. लोकनियुक्त सरकार असतं तर हे झालं असतं का? माझं मत, नसतं झालं. खाणींचं राजकारण ज्याने जवळून पाहिलंय त्याला हे वेगळं सांगायला नको. सुर्ला-साट्रेकडचे डोंगर आज उभे आहेत त्यात त्या निर्णयाचा वाटा मोठा आहे.

आता त्याच निर्णयाची दुसरी बाजू. ज्या गावांवर अभयारण्य आलं त्या गावांना कोणी विचारलं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि तो काही आंधळा कायदा नाही. अभयारण्य करायचं तर आत कोणाची जमीन, कोणाची चराई, कोणाची वाट, कोणाचं पाणी हे जिल्हाधिकाऱ्याने तपासून हक्कांचा निवाडा करायचा असतो. म्हादईत हे काम वर्षानुवर्षं लोंबकळत राहिलं. सत्तरी तालुक्यात तर मुळातच मोकासो (जुन्या वतनदारांच्या) आणि आल्वारा (पोर्तुगीज सरकारने कसायला दिलेल्या) जमिनींचा गुंता. आजोबा कसत होते, बाप कसत होता, पण कागदावर नाव नाही. त्या गुंत्यावर अभयारण्याची रेघ ओढली गेली.

मग जानेवारी २०२०. म्हादई अभयारण्यातल्या गोळावलीत एक वाघीण आणि तिची तीन पिल्लं मेलेली सापडली. विषबाधा. आधी गुरं मारली गेली होती, आणि गुरं पाळणाऱ्या घरातल्याच माणसांना अटक झाली. जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करा असा आदेश दिला, त्यासोबत वनहक्काचे दावेही निकाली काढायला सांगितलं. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. बातम्यांत पहिला भाग सगळ्यांनी वाचला. दावे निकाली काढायचा भाग किती जणांना आठवतो?

माझं म्हणणं एवढंच: ज्या गावाचे हक्क मानले नाहीत त्या गावाकडे वाघाची राखण मागणं अन्यायाचं आहे, आणि ते चालत नाही हे गोळावलीत दिसलं. वाघ हवाच. पण त्याआधी सव्वीस-सत्तावीस वर्षं थकलेला निवाडा करा.

रानवाटा:

लेख चांगला आहे, पण शेवटी गाडी नेहमीच्या स्टेशनात आलीच. चार वाघ विष घालून मारले आणि आपण बोलतोय कशावर, तर निवाड्यावर.

२००९ मध्ये केरीत वाघ मारला गेला तेव्हाही असंच झालं. आधी तर वाघ होता हेच मान्य करायला कोणी तयार नव्हतं. कित्येक वर्षं सरकारी सूर असा की गोव्यात वाघ राहत नाहीत, कर्नाटकातून येऊन जाऊन असतात. पाहुणे! पिल्लं घेऊन फिरणारी वाघीण पाहुणी कशी? भीमगड, काळी आणि इकडे तिळारी, हे सगळं एकच सलग रान आहे. वाघाला चोर्ला घाटातला चेकनाका दिसत नाही.

आणि तत्त्वाचं बोलायचं तर, वाघाचा जगण्याचा हक्क आपल्या उपयोगावर का ठरावा? तो आहे म्हणून नदी आहे, पर्यटन आहे, पाणी आहे, ही कारणं मलाही पाठ आहेत. पण समजा यातलं काहीच नसतं, तरी त्याला मारायचा अधिकार कोणाला? ग्रामसभेत हात वर करून बोलता येत नाही असा तो एकटाच रहिवासी आहे. त्याच्या वतीने कोणी तरी कठोर व्हायला नको का?

कुळागरी_बाय:

रानवाटा, तुमचा राग समजतो. विष घालणं पाप आहे, आमच्याकडेही कोणी त्याचं समर्थन केलं नाही. पण "कठोर" कोणाशी व्हायचं ते सांगा.

माझं कुळागर अभयारण्याच्या हद्दीला लागून आहे. पोफळी, केळी, थोडे माड, मिरी. गवा कुंपण मोडून आत येतो, केळी खातो ते एक, पण अंग घासून दोन-तीन वर्षांची पोफळीची रोपं आडवी करतो. पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, त्यामुळे मोडलेल्या रोपाचे पैसे कोणत्या हिशेबाने द्यायचे ते कोणालाच ठाऊक नाही. खेती (माकडं) तर कोवळी अडसरं तोडून नुसती खाली टाकतात. सकाळी माडाखाली गेलं की लिंबाएवढे नारळ पडलेले, एकेकावर दाताचे व्रण. ते गोळा करून मोजायचे, फोटो काढायचा, अर्ज करायचा. अर्जाला एक-चौदाचा, म्हणजे जमिनीचा, उतारा लागतो. उताऱ्यावर नाव सासऱ्यांच्या चुलत भावाचं, ते जाऊन किती तरी वर्षं झाली. एकदा पंचनाम्याला माणूस आला तोवर दोन मोठे पाऊस होऊन गेले होते. "बाई, खुणा कुठे आहेत?" असं त्याने मलाच विचारलं.

गाय मेली तर त्याहून अवघड. डॉक्टरचा दाखला यायचा तोवर मेलेलं जनावर तसंच ठेवायचं. आता विचार करा, मेलेलं जनावर दोन दिवस उघड्यावर आहे, वाघ परत त्यावर येणार हे सगळ्या वाड्याला ठाऊक आहे. डोकं फिरलेला एखादा माणूस तिथे काय करेल ते पुन्हा लिहायला नको.

माझ्या सासूबाई अजून वाघाचं नाव घेत नाहीत. "मोठा" म्हणतात. वाघ्रोला, म्हणजे वाघदेवाला, नारळ ठेवतात. हे प्रेम नव्हे हो, पण वैरही नव्हे.

सुशेगाद_नव्हे:

+१ कुळागरी बाय. एक-चौदाचा अनुभव प्रत्येक गोंयकाराला आहे, वाघ असो वा नसो.

अवांतर: याच राज्यात २०१६ साली मोराला उपद्रवी ठरवायची भाषा झाली होती, राष्ट्रीय पक्षी! त्याच सुमाराला माड हे कायद्याने झाड नाही असंही ठरलं. पुढच्या वर्षी माड परत झाड झाला. पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

अंत्रुजी:

कुळागरी बायनी वाघ्रोचं नाव काढलं, बरं केलं. आपल्याकडे संवर्धन इंग्रजांनी किंवा १९७२ च्या कायद्याने आणलं असं मानून चर्चा होते, त्याला माझी हरकत आहे. सत्तरीत निरंकाराची राय आहे. जायफळाच्या कुळातल्या रानटी झाडांची दलदल, मुळं गुडघ्यासारखी चिखलातून वर आलेली. सह्याद्रीत असं रान आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं उरलंय. ते कोणत्या खात्याने राखलं? देवाने. म्हणजे देवाच्या नावाने गावाने. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात देवरायांवर लिहायला सुरुवात केली तेव्हा शास्त्रज्ञांचं लक्ष गेलं, पण गावाला ते आधीच ठाऊक होतं.

आमच्या अंत्रुज महालात (फोंड्याकडे) नदीकाठच्या काही गावांत पौष अवसेला माणगें थापणी असते. बांधावर चिखलाची सुसर घडवायची, पाठीवर शिंपल्यांची खवलं, दातांच्या जागी काड्या, आणि तिची पूजा. गावडा समाजाने ही रीत राखली. सुसर बांधाजवळ राहते, माणूस बांध दुरुस्त करायला पाण्यात उतरतो, दोघांना तिथेच राहायचं आहे. करार करून टाकला. कुंभारजुव्याच्या कालव्यात आज पर्यटक होडीतून सुसरी बघायला जातात, त्या इतक्या वर्षांत कोणी मारून संपवल्या नाहीत याचं श्रेय कोणाला द्यायचं?

तिरकस:

असहमत. म्हणजे माहितीशी नाही, सुराशी.

देवराईचं गोडवे-गायन आता जरा पुरे. ती राखली गेली ती भीतीने. तोडलीस तर देवचार बघून घेईल, घरात मूल दगावेल. त्या भीतीचे नियम कोण ठरवत होतं? गावकार, म्हणजे गावातली मूळ मानाची घराणी. कोणी आत जायचं, कोणी नाही, बायकांनी कधी नाही, कोणत्या जातीने कुठवर. ज्या व्यवस्थेने झाड राखलं तिनेच माणसाला उंबऱ्याबाहेर ठेवलं. हे विसरून "आमचे पूर्वज पर्यावरणवादी होते" म्हणायचं?

आणि भीती गेली की काय होतं तेही पाहा. मंदिराचा जीर्णोद्धार निघतो. आधी सभामंडप, मग गाड्या लावायला जागा, मग पेव्हर. मूळ देव झाडाखालचा पाषाण होता, तो आता ग्रॅनाइटमध्ये बसलाय आणि झाडं "धोकादायक" म्हणून गेली. हे काम खाणवाल्यांनी केलं नाही, देवस्थान समितीने केलं. वर्गणी आपणच दिली.

अंत्रुजी:

तिरकस, मुद्दा मान्य, अर्धा. गावकरी, म्हणजे गावकारांचा कारभार, ही काही लोकशाही नव्हती. पण नियम करणारा आणि त्याचा परिणाम भोगणारा एकाच गावात राहत होता, हा फरक लहान नाही. गावकाराने बांध नीट राखला नाही तर त्याच्याही शेतात खारं पाणी यायचं. आजचा नियम करणारा कुठे राहतो? पर्वरीला किंवा दिल्लीला.

मांडवीकाठ:

बांधाचा विषय निघालाच आहे तर राहवत नाही. वाघ बाजूला ठेवून एक खालच्या पातळीवरचं, शब्दशः समुद्रसपाटीच्या खालचं उदाहरण देतो: खाजन.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. खाडीकाठची जमीन बांध घालून भरतीपासून सोडवलेली, मध्ये मानशीचं दार. भरती आली की पाण्याच्याच दाबाने दार बंद, ओहोटीला उघडं. पावसात भात, पुढे मासळी, कडेला मीठ. हे सगळं गावकरीच्या शिस्तीवर चालायचं. १५२६ साली आफोंसो मेशियाने गावकरीचे रिवाज लिहून काढले तेव्हाच ते जुने होते. बांधाबाहेर खारफुटी मुद्दाम राखत, लाटेचा मार तिने खावा म्हणून. बांधाच्या आत तिला येऊ देत नसत. हाच सगळा तोल.

पुढे कूळ कायदा आला, चांगलाच झाला, कसणाऱ्याला जमीन मिळाली. पण बांधाची जबाबदारी कोणाची ते नीट कुठे बसलंच नाही. मानशीतल्या मासळीची पावणी (लिलाव) होऊ लागली. पावणी घेणाऱ्याला भातात रस नाही, त्याला मासे हवेत, म्हणून रात्री दार उघडं ठेवायचं. खारं पाणी आत. दोन वर्षं शेत पडीक. मग शेतात खारफुटी उगवते. आणि एकदा ती उगवली की कायद्याने तिला संरक्षण! परवानगीशिवाय फांदी तोडता येत नाही. बांधाबाहेरची खारफुटी आणि आजोबांच्या भातशेतात घुसलेली खारफुटी, कायद्याला दोन्ही सारख्याच. शहरातल्या मित्रांना सांगितलं तर म्हणतात, अरे वा, खारफुटी वाढली! नकाशात गोव्याचं हरित क्षेत्र वाढतं आणि आमचं शेत त्या हिरव्या रंगात जातं.

त्यामुळे "निसर्ग परत आला" हे वाक्य ऐकलं की मी आधी विचारतो, कोणाच्या शेतात?

रानवाटा:

मांडवीकाठ, हे उदाहरण खरंच विचार करायला लावणारं आहे. पण खाजन हा माणसाने घडवलेला प्रदेश. वाघाचं रान तसं नाही. तिथे थोडा तरी भाग पूर्ण निर्मनुष्य लागतो. शिकारीला सांबर, डुक्कर, गवा पुरेसे हवेत, पिल्लं वाढेपर्यंत गडबड नको. हे भावनेचं बोलणं नाही, जीवशास्त्र आहे.

आणि गावकऱ्यांना विचारून अभयारण्य करायचं म्हटलं असतं तर १९९९ ला एक तरी झालं असतं का? धागालेखकाने स्वतःच "नसतं" असं लिहिलंय. मग बिनविचारता केलेल्या गोष्टीचे फायदे घ्यायचे आणि नंतर तिची नीतिमत्ता तपासायची, हे सोयीचं आहे.

घाटपायथा:

हा टोला बरोबर बसला, आणि त्याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. एवढंच म्हणेन की "खाणींना न विचारता" आणि "धनगरवाड्याला न विचारता" या एका मापाने मोजायच्या गोष्टी नाहीत. खाणमालकाकडे वकील होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ ला, मग २०१८ ला निकाल दिले, तेव्हा तो तिथे उभा होता, त्याचं म्हणणं ऐकलं गेलं, मग त्याच्याविरुद्ध निकाल लागला. वाड्यावरच्या माणसाचं म्हणणं ऐकायची जी कायदेशीर जागा होती, तीच रिकामी राहिली.

जुनी_फाईल:

उशिरा आलो. जमिनीच्या कागदांत आयुष्य गेलंय, त्यामुळे माझा प्रतिसाद थोडा रुक्ष होईल.

संवर्धनाचा इतिहास सांगताना लोक १८७२ च्या यलोस्टोनपासून सुरू करतात. जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. तिथले मूळ रहिवासी बाहेर काढले गेले हे मात्र तळटीपेत. ब्रिटिश हिंदुस्थानात १८६४ ला वनखातं, १८७८ चा वन कायदा: राखीव रान म्हणजे सरकारचं, गावाला मिळेल ती सवलत, हक्क नव्हे. त्यामागे वाघाची चिंता नव्हती, रेल्वेच्या स्लीपरची होती. गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे, म्हणून तो कायदा इथे नव्हता, पण रान सरकारचं ही कल्पना इथेही वेगळ्या कागदांवर आलीच. कुमेरी (फिरती शेती) करणाऱ्यांना जंगलाचे शत्रू ठरवण्यात दोन्ही सरकारांचं एकमत होतं. मुक्तीनंतर भारतीय कायदे लागू झाले आणि मोले, खोतीगाव, बोंडला ही अभयारण्यं साठच्या दशकातच आली.

रानवाटा यांच्या "निर्मनुष्य" मुद्द्यावर दोन उदाहरणं, एकमेकांपासून लांबची.

भरतपूरचं केवलादेव. १९८२ ला राष्ट्रीय उद्यान झाल्यावर म्हशींची चराई बंद केली. गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसं मेली. पुढे बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) दीर्घ अभ्यासात दिसलं की म्हशी खात होत्या ते गवत माजून पाणथळ भरत चाललीय आणि पाणपक्ष्यांना उघडं पाणीच कमी पडतंय. ज्या पक्ष्यांसाठी माणसं मारली त्यांनाच म्हशी हव्या होत्या.

दुसरं, कर्नाटकातलं बिळिगिरी रंगन बेट्ट. २०११ साली ते व्याघ्र प्रकल्प झालं, आणि त्याच वर्षी आतल्या सोलिगा आदिवासींचे सामूहिक वनहक्क मान्य झाले. देशातल्या व्याघ्र प्रकल्पात हे पहिल्यांदा घडलं. सोलिगा आत आहेत, मध गोळा करतात, वाघही आहेत.

यावरून कुठेच निर्मनुष्य भाग नको असा नियम मी काढत नाही. खोल रानात वाघिणीला शांतता लागते हे मान्य. पण वन्यजीव कायदाही आता तेच म्हणतो, २००६ च्या दुरुस्तीपासून: गाभा क्षेत्रातून कोणाला हलवायचं तर आधी हक्क मान्य करा, मग माणसं हलवण्याशिवाय पर्याय नाही हे दाखवा, मग ग्रामसभेची संमती घ्या. कुटुंबामागे आधी १० लाख रुपये होते, २०२१ पासून १५ लाख. हा क्रम उलटा करून "आधी प्रकल्प, मग बघू" म्हटलं की गावाचा विश्वास जातो आणि राजकारण्यांना आयतं कोलीत मिळतं. "तुम्हाला उठवणार" ही अफवा सत्तरीत कोणी पसरवली ते सांगायची गरज नाही.

एक पुरवणी. रानवाटा जे तत्त्व मांडतात, प्राण्याची किंमत माणसाच्या उपयोगापलीकडे, ते मला पटतं. रामचंद्र गुहांनी १९८९ मध्येच त्यावर बोट ठेवलं होतं: अमेरिकेतल्या अफाट मोकळ्या रानांतून आलेला हा विचार दाट वस्तीच्या गरीब देशात जसाच्या तसा उतरवला तर त्याची किंमत गरीब मोजतो. तत्त्व खोटं ठरत नाही. बिल कोणाच्या घरी जातं ते दिसतं.

दवबिंदू:

धागा वाचनखूण म्हणून साठवला.

मी मडगावची. २०२० ला मोलेसाठी चांदरला रात्रभर रुळांवर बसलेल्यांत होते. वरचे काही प्रतिसाद वाचून वाटतं की शहरातल्या माणसाने जंगलाबद्दल बोलूच नये. रेल्वे दुपदरीकरण, चौपदरी रस्ता, वीजवाहिनी, तिन्ही एकाच अभयारण्यातून. मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या कामाची वन्यजीव मंडळाची परवानगी रद्द केली. ते फक्त शहरी लोकांचं काम नव्हतं, चांदर-गिर्दोलीचे गावकरी पुढे होते. पण चित्रं काढणारे, शास्त्रज्ञ, वकील, विद्यार्थी हे नसते तर झालं असतं का?

आणि भावी पिढ्यांचा विचार कोणी तरी करायचा ना? २०१४ च्या खाण निकालात न्यायालयाने त्यासाठी कायमस्वरूपी निधी काढायला लावला, विक्रीच्या दहा टक्के. मला तो निकाल फार मोलाचा वाटतो.

कुळागरी_बाय:

दवबिंदू बाय, तुम्ही रुळांवर बसलात म्हणून मला अभिमानच आहे. बोलू नका असं कोणी म्हणत नाही.

फक्त भावी पिढीचा वाटा काढला, तसा चालू पिढीचाही काढा. माझा मुलगा पणजीत नोकरी शोधतोय. कुळागर करणार का विचारलं तर म्हणतो, माकडांसाठी कशाला करू? भावी पिढी ती हीच.

सुशेगाद_नव्हे:

आता मी पॉपकॉर्न ठेवतो आणि एक गंभीर गोष्ट बोलतो.

पहिला पाऊस पडला की बेडूक बाहेर येतात. बेडूक मारणं कायद्याने गुन्हा. तरी ते मिळतात, आणि कोणाला मिळतात? कोपऱ्यातल्या बारमध्ये दबक्या आवाजात "आहे का?" विचारणाऱ्याला. त्यात पावसाळी सहलीला आलेले निसर्गप्रेमीही असतात. मी पाहिलेत. दिवसा धबधब्याचे फोटो, रात्री बेडकाचे पाय. पकडला गेला तर पकडला जातो टॉर्च घेऊन शेतात गेलेला पोरगा, खाणारा नाही.

मार्च २०२३ ला म्हादईत आगी लागल्या तेव्हा सगळ्यांनी काजूवाल्यांकडे बोट दाखवलं. काजूखालचं गवत जाळायची वाईट खोड आहे, ती मोडलीच पाहिजे. पण त्याच काजूची हुर्राक एप्रिलमध्ये पणजीत हौसेने पिणारे आपण, त्या रानाशी आपला काहीच संबंध नाही असं बोलतो.

तिरकस:

सुशेगाद, पहिल्यांदा तुमच्याशी पूर्ण सहमत. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

रानवाटा:

बरं. मी माझी बाजू सोडत नाही, व्याघ्र प्रकल्प व्हायलाच हवा, आणि लवकर व्हायला हवा, कारण आपण निवाड्याची वाट बघत बसलो तर तोवर रिसॉर्ट आणि प्लॉट आत येतील. गावकऱ्यांचा हक्क मान्य झाला आणि दुसऱ्या वर्षी ती जमीन दिल्लीच्या माणसाला विकली गेली, असं होणार नाही याची खात्री कोण देणार?

जुनी_फाईल:

रानवाटा, हा रास्त प्रश्न आहे आणि याचं उत्तर कायद्यातच आहे. वनहक्क कायद्याखाली मिळालेली जमीन विकता येत नाही, हस्तांतरही करता येत नाही, फक्त वारसाने पुढे जाते. म्हणजे प्लॉट पाडणाऱ्यांपासून ते रान वाचवायचं असेल तर वनहक्क हे चांगलं कुंपण आहे. आल्वारा जमिनीला तेवढं कुंपण नाही. मला नवल वाटतं ते हे की संवर्धनवाले या कायद्याला घाबरतात.

रानवाटा:

विकता येत नाही हे मला ठाऊक नव्हतं. वाचतो. पण आमच्यासारख्यांची भीती कायद्याची नाही, तो राबवणाऱ्यांची आहे.

कुळागरी_बाय:

ती तर आमचीही आहे.

जुनी फाईल, एक विचारू? आमच्या वाड्यावर धनगरांची घरं आहेत. त्यांचा दावा अडकलाय. गावडा, वेळीप, कुणबी यांना २००३ ला अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, धनगरांना नाही. त्यांना तीन पिढ्यांचा पुरावा मागतात. त्यांच्याकडे कागद म्हणजे रेशनकार्ड आणि निवडणुकीचं ओळखपत्र. पुढे काय करायचं?

जुनी_फाईल:

बाय, जमेल तेवढं लिहितो. जमातीचा दर्जा नसलेल्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीची ७५ वर्षं दाखवावी लागतात, म्हणजे १९३० च्या मागे, पोर्तुगीज अमदानीत जायचं. गुरं घेऊन रानात हिंडणाऱ्या घराला तेव्हा कागद कोण देत होतं? पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ही ७५ वर्षं त्या भागात राहत असल्याची आणि रानावर पोट असल्याची, त्याच तुकड्यावर नांगर धरल्याची नव्हे. खिडकीवर बरेचदा दुसरंच सांगतात. दोन, अमुकच कागद आणा असा हट्ट समितीला धरता येत नाही. एकाहून जास्त प्रकारचे पुरावे हवेत, पण ते सगळे कागदीच हवेत असं नाही. दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्या माणसांचं म्हणणं लिहून घेतलेलं चालतं. जुनी विहीर, जुनं दफनस्थान, देवस्थान, हेही पुराव्यात धरलं जातं.

अंत्रुजी:

म्हणजे वाघ्रोचा पाषाणसुद्धा?

जुनी_फाईल:

हो, देवराईसुद्धा. तिरकस यांचा आक्षेप जागेवर आहे, पण वनहक्क समितीपुढे ती गावाची जुनी वहिवाट म्हणून मांडता येते. सामूहिक दाव्यात तर मांडावीच. नुसती तोंडी सांगू नका. पाषाण कुठे आहे, राईची हद्द कुठून कुठवर, गुरांची जुनी वाट आणि पाण्याची जागा कोणती, हे हाताने नकाशात काढा, शेजारच्या वाड्यावरच्या म्हाताऱ्यांच्या सह्या किंवा अंगठे घ्या, वनहक्क समितीला प्रत्यक्ष जागेवर न्या आणि पाहणीच्या वेळी वनखात्याचा माणूस हजर होता की नाही ते लिहून ठेवा. ग्रामसभेला निम्मी माणसं हवीत, नाही तर ठरावच पडेल. भातलावणीच्या दिवसांत सभा ठेवू नका.

दावा फेटाळला तर तोंडी उत्तर घेऊन परतू नका. कारणासह लेखी मागा. ते हातात आल्यापासून साठ दिवसांत वरच्या समितीकडे जाता येतं. मसुदा करायला मदत लागली तर मला व्यक्तिगत निरोप करा.

कुळागरी_बाय:

देव बरें करूं. चवथ झाल्यावर सभा लावायला सांगते. नकाशा काढायला दवबिंदू बायची चित्रकार मंडळी येतील का?

दवबिंदू:

येतील. निरोप केलाय.